एजन्सीशिवाय ऑनलाइन: सोलापूरच्या छोट्या व्यावसायिकासाठी कामाचा क्रम

सोशल मीडिया सांभाळणाऱ्या एजन्सीचं कोटेशन बहुतेक वेळा एकाच साच्यातलं असतं. महिन्याला इतक्या पोस्ट, इतके रील्स, सणासुदीला तुमचा लोगो लावलेली शुभेच्छांची चित्रं. गिऱ्हाईक किती येईल हे त्यात लिहिलेलं नसतं, कारण ते त्यांच्या हातात नसतं. चादरीचं दुकान, शेंगा चटणीचा घरगुती धंदा, शाळेच्या गणवेशाचं छोटं युनिट किंवा हुरडा पार्टीचं शेत, यातलं काहीही चालवत असाल तरी सुरुवातीची सगळी कामं तुमच्याच मोबाइलवर होतात आणि त्यातल्या बहुतेकांना पैसे लागत नाहीत. फक्त क्रम चुकवायचा नाही. बरेच जण इन्स्टाग्रामपासून सुरुवात करतात. मी ते मुद्दाम खाली ठेवलं आहे.

आधी ठरवा: गिऱ्हाईक कुठलं?

सोलापूरच्या धंद्याला एक सोय आहे, ती पुष्कळ शहरांना नाही. इथे गिऱ्हाईक आधीच शोधत असतं. अक्कलकोट इथून सुमारे 40 किलोमीटर, तुळजापूर 45, पंढरपूर 70-75. स्वामींचं दर्शन घेऊन तुळजापूरला निघालेली गाडी सोलापुरात जेवायला थांबते आणि गाडीतलं कोणीतरी मोबाइलवर ‘सोलापुरी चादर दुकान’ असं शोधतं. हे झालं वाटेवरचं गिऱ्हाईक. दुसरं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत राहणारा सोलापूरकर. त्याला कडक भाकरी आणि शेंगा चटणी घरपोच हवी असते, आणि ती कशी असते हे त्याला समजावून सांगावं लागत नाही. तिसरं गिऱ्हाईक परगावचा व्यापारी किंवा शाळा, ज्यांना नगावर नाही, गठ्ठ्यावर माल हवा असतो. चौथं आपल्याच गल्लीतलं.

या चौघांना एकाच जागी गाठता येत नाही. वाटेवरचं गिऱ्हाईक गूगल मॅपवर असतं, पुण्यातला सोलापूरकर व्हॉट्सॲपवर, व्यापाऱ्याला फोन आणि दरपत्रक लागतं. तुमचा जास्त माल यातलं कोण उचलतं, हे गेल्या वर्षाची बिलं चाळली की कळतं. त्या गिऱ्हाइकापासून सुरुवात करा.

दुसरं, धंद्याचं नाव एकच ठेवा. पाटीवर ‘श्री सिद्धेश्वर टेक्स्टाइल्स’, बिलावर ‘सिद्धेश्वर हँडलूम’ आणि इन्स्टाग्रामवर पोराच्या नावाचं खातं असं असेल तर शोधणारा गोंधळतो. नाव, पत्ता, फोन नंबर सगळीकडे अक्षर न अक्षर सारखं. धंद्यासाठी वेगळं सिम घ्या. घरच्या नंबरवर धंदा चालवला की लग्नाच्या ग्रुपात ऑर्डर हरवते.

गूगल बिझनेस प्रोफाइल: सगळ्यात आधी हे

मॅपवर दुकानाचं नाव, फोटो, वेळ, फोन आणि लोकांचे अभिप्राय दिसतात, ते या प्रोफाइलमुळे. गूगल याचे पैसे घेत नाही. एखाद्याने तुमच्या दुकानाची खूण मॅपवर आधीच टाकलेली असू शकते, म्हणून नवीन प्रोफाइल काढण्याआधी नाव शोधून बघा. सापडलं तर त्यावरच मालकीचा दावा करा. नाहीतर एका दुकानाच्या दोन खुणा होतात आणि अभिप्राय दोन्हीकडे विभागले जातात.

नाव भरताना पाटीवर आहे तेवढंच लिहा. ‘बेस्ट सोलापुरी चादर होलसेल रिटेल नवी पेठ’ अशी शेपूट जोडायचा मोह सगळ्यांना होतो. शेजारच्याने जोडलेली असते आणि तो वर दिसतो, हेही खरं. पण ते गूगलच्या नियमांविरुद्ध आहे, आणि कोणी तक्रार केली की ऐन सीझनमध्ये प्रोफाइल बंद पडू शकतं. शोधात वर यायला नावापेक्षा मुख्य प्रकार, म्हणजे कॅटेगरी, उपयोगी पडतो. तिथे ‘दुकान’ असं मोघम न निवडता यादीत तुमच्या मालाच्या सर्वांत जवळचा प्रकार शोधा. गूगल तीन गोष्टी बघतं: शोधलेल्या शब्दांशी तुमचा धंदा किती जुळतो, शोधणारा तुमच्यापासून किती लांब आहे, आणि तुमचं नाव किती ठिकाणी व किती अभिप्रायांतून दिसतं. अंतर तुमच्या हातात नाही. बाकीच्या दोन गोष्टी आहेत.

मग पडताळणी. हल्ली बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. तो न थांबता, न कापता काढायचा: रस्ता आणि शेजारची एखादी ओळखीची खूण, मग तुमची पाटी, मग कुलूप उघडून आत जाणं, गल्ल्यावरचं बिलबुक किंवा परवाना. पाटी नसेल तर आधी पाटी लावा. फ्लेक्सची चालेल, पण पक्की लावलेली हवी.

मॅपवरची खूण नीट दारावर आणा. साखर पेठ, बाळीवेस, कन्ना चौक या भागांत खूण एका बोळाने सरकली तरी परगावचा ड्रायव्हर भलत्याच गल्लीत अडकतो आणि वैतागून निघून जातो. माहितीत ‘मधल्या मारुतीपासून इतक्या पावलांवर’ असं सोलापूरकराला कळेल ते लिहाच, पण गाडी कुठे लावायची हेही लिहा. टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न तोच असतो. गाडी लावायच्या जागेचा एक फोटो टाका, मालाच्या दहा फोटोंइतकं काम तो करतो. आठवड्याची सुट्टी आणि सणाच्या दिवशीची वेळ त्या त्या वेळी बदला. उघडं दाखवून बंद असलेलं दुकान बघितलेला माणूस परत येत नाही, शिवाय एक तारा देऊन जातो.

घरून चटणी करणाऱ्या ताईंसाठी वेगळी गोष्ट. गिऱ्हाईक घरी येत नसेल पण तुम्ही जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड अशा भागांत स्वतः पोहोचवत असाल, तर पत्ता लपवून फक्त सेवेचा परिसर दाखवता येतो. फक्त कुरिअरनेच माल जात असेल आणि गिऱ्हाइकाशी प्रत्यक्ष गाठ कधीच पडत नसेल, तर नियमाप्रमाणे हे प्रोफाइल तुमच्यासाठी नाही. तुम्ही सरळ व्हॉट्सॲपच्या भागाकडे जा.

अभिप्राय मागायची लाज सोडा

माल हातात घेऊन गिऱ्हाईक खुश असतं तो क्षण अभिप्राय मागायचा. प्रोफाइलमधून अभिप्रायाची लिंक आणि क्यूआर मिळतो. तो छापून गल्ल्यावर ठेवा, पैसे देण्याच्या क्यूआरपासून थोडा लांब. नाहीतर लोक अभिप्रायाच्या क्यूआरवर पैसे पाठवायला बघतात. ‘मालक, दोन ओळी लिहा, काय घेतलं तेवढं सांगा’ इतकं पुरतं. गिऱ्हाइकाने लिहिलेलं ‘डबलबेडची चादर घेतली, आईला आवडली’ हे वाक्य तुम्ही लिहिलेल्या दहा जाहिरातींपेक्षा खरं वाटतं.

अभिप्रायाच्या बदल्यात सूट द्यायची नाही, ते नियमात बसत नाही. घरच्या सगळ्यांकडून पाच पाच तारे टाकून घ्यायचे नाहीत. वाईट अभिप्राय आला तर त्याच दिवशी उत्तर द्या, पण रात्री नको. ‘रंग गेला याचं वाईट वाटलं. बिलाचा फोटो दुकानाच्या नंबरवर पाठवा, बदलून देतो.’ एवढंच. ‘तुम्ही गरम पाण्यात धुतली असेल’ हे खरं असलं तरी तिथे लिहायचं नाही. ते उत्तर त्या गिऱ्हाइकापेक्षा पुढचं गिऱ्हाईक जास्त वाचतं.

फोटो

सोलापूरचं ऊन बारा महिने फुकट मिळतं, पण दुपारचं नको. सकाळी साडेनऊपर्यंत किंवा संध्याकाळी, दारात किंवा खिडकीपाशी, ट्यूबलाइट बंद करून. आधी लेन्स पुसा, दुकानात कापसाचा तंतू उडतच असतो.

चादरीचे किमान चार फोटो हवेत: पलंगावर पूर्ण अंथरलेली, म्हणजे माप कळतं. एक कोपरा उलटलेला, म्हणजे दोन्ही बाजूंची नक्षी दिसते. विणीचा अगदी जवळून एक. आणि लेबल. ओळीत लांबी, रुंदी, वजन आणि पहिल्यांदा वेगळी धुवायची हेही लिहा. सोलापुरी चादरीला आणि इथल्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेरचा माल सोलापुरी म्हणून खपवला जातो ही इथल्या विणकरांची जुनी तक्रार आहे. त्यामुळे तुमची चादर खरंच इथल्या मागावर विणली असेल तर मागाचाच फोटो टाका. दुकानात पानिपतची ब्लँकेटही ठेवत असाल तर ती वेगळी दाखवा आणि तसं लिहा. दोन्ही एका ढिगात दाखवणाऱ्याचा खरा मालही संशयात जातो.

चटणीचा फोटो बरणीतला काढू नका. ताटलीत, भाकरीच्या तुकड्यासोबत, तेल सुटलेलं दिसेल असा काढा.

व्हॉट्सॲप बिझनेस: खरी विक्री इथे होते

साधं व्हॉट्सॲप आणि बिझनेसचं ॲप एकाच फोनवर वेगवेगळ्या नंबरांनी चालतं. बिझनेस ॲप 2018 पासून फुकट आहे, आणि त्यातल्या चार सोयी नीट लावल्या की रोजचा अर्धा वेळ वाचतो.

पहिली, कॅटलॉग. त्यात 500 पर्यंत वस्तू बसतात, पण सुरुवात बारा-पंधरांनी करा. प्रत्येक वस्तूपुढे भाव लिहा. इथे मी थोडा हट्टी आहे. ‘भावासाठी मेसेज करा’ लिहिणाऱ्यांना वाटतं की शेजारच्या दुकानदाराला भाव कळू नये. शेजाऱ्याला तो कळलेलाच असतो, सूत आणि रंग तुम्ही दोघं एकाच बाजारातून आणता. कळत नाही तो फक्त गिऱ्हाइकाला, आणि तो विचारायच्या भानगडीत न पडता पुढे सरकतो. ठोक भाव हवा तर गुप्त ठेवा, किरकोळ भाव उघडा ठेवा.

दुसरी, झटपट उत्तरं. एकदा लिहून ठेवलेला मजकूर तिरकी रेघ आणि एक शब्द टाकला की येतो. निदान तीन तयार ठेवा: भाव, पार्सल, पत्ता. पार्सलचं असं लिहिता येईल:

‘नमस्कार. ऑर्डर आज संध्याकाळी 5 पर्यंत आली तर पार्सल उद्या निघतं. पूर्ण नाव, पत्ता, पिनकोड आणि फोन नंबर पाठवा. पार्सलचा खर्च वजनावर आहे, तो पैसे घेण्याआधी सांगतो. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, काही फाटलं-फुटलं असेल तर त्यावरून बदलून देऊ.’

यात अलंकार नाहीत आणि नकोत. हेच उत्तर कानडी आणि तेलुगूतही करून ठेवा. विजापूर आणि कलबुर्गीचं गिऱ्हाईक इथलं जुनं आहे, आणि पूर्व भागात तेलुगू लिहून देणारा माणूस शोधावा लागत नाही. मोबाइलच्या भाषांतरावर विसंबू नका, एकदा बोलणाऱ्याकडून वाचून घ्या.

तिसरी, लेबल, म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या चॅटला लावायची खूण. नवीन, पैसे बाकी, पार्सल निघालं, पुन्हा घेणारे. शेवटचं लेबल दिवाळीत सोन्यासारखं कामाला येतं.

चौथी, ब्रॉडकास्ट यादी, म्हणजे एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय. एका यादीत 256 जण बसतात, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो. म्हणून पार्सलमध्ये चिठ्ठी टाका: ‘आमचा नंबर सेव्ह करा, नवीन माल आला की कळवू.’ न विचारता ग्रुपमध्ये ओढू नका. लोक तक्रार नोंदवतात, आणि तक्रारी साचल्या की नंबरच बंद होतो. रोज ‘शुभ सकाळ’ पाठवणाऱ्या दुकानाला लोक गप्प करून ठेवतात, मग चांगली बातमीही त्यांच्यापर्यंत जात नाही. महिन्यात दोन संदेश, तेही काही सांगायचं असेल तर. रोजचं दाखवायला स्टेटस आहे, ते 24 तासांनी आपोआप जातं आणि कोणाच्या अंगावर येत नाही.

आणि उत्तर लवकर द्या. रात्री अकराला ‘डबलबेड चादर कितीला बसंल?’ विचारणाऱ्याला सकाळी दहापर्यंत उत्तर मिळालं तर चालतं, संध्याकाळी मिळालं तर त्याने दुसरीकडे घेतलेली असते. ॲपमध्ये दुकान बंद असतानाचा आपोआप जाणारा संदेश लावता येतो. त्यात उघडायची वेळ लिहा.

आता इन्स्टाग्राम

खातं प्रोफेशनल करा, फुकट आहे, आणि कोणत्या गावाचे लोक बघतात ते त्यात कळतं. नावाच्या जागी दुकानाच्या नावासोबत ‘सोलापूर’ आणि वस्तू लिहा. इथे ते चालतं. वर्णनात व्हॉट्सॲपची लिंक. मग तीन पोस्ट वर टाचून ठेवा: काय मिळतं व कितीला, दुकान कुठे आहे, पार्सल कसं मिळतं.

दाखवायचं काय? तुमच्याकडे जे रोज घडतं आणि बाहेरच्याने कधी पाहिलेलं नसतं ते. जकार्डच्या मागावर नक्षी उतरताना, उखळात शेंगदाणे आणि तिखट कुटताना, कडक भाकरी मोडताना होणारा आवाज. धंद्याच्या खात्याला गाण्यांची निवड तशीही मर्यादित मिळते, त्यामुळे मागाचा खडखडाट तसाच राहू द्या. पंधरा-वीस सेकंद, मोबाइल उभा धरून, पहिल्याच क्षणी वस्तू दिसली पाहिजे. दुकानाचा दरवाजा उघडण्यात पाच सेकंद घालवू नका. कामगारांना दाखवणार असाल तर त्यांना विचारून.

लाखभर लोकांनी बघितलेला रील पाटण्यात बघितला गेला असेल तर नवी पेठेत गल्ला वाजत नाही. आठवड्याला दोन नीट पोस्ट पुरतात. गणवेशवाल्यांना तर इन्स्टाग्रामपेक्षा कापडाचे नमुने, मापांचा तक्ता आणि किमान किती नगांची ऑर्डर घेता हे लिहिलेली एक पीडीएफ जास्त ऑर्डर आणते. मुख्याध्यापक रील बघून टेंडर देत नाहीत.

सोलापूरचं कॅलेंडर

जानेवारीत संक्रांतीला गड्डा यात्रा, त्याच सुमारास हुरडा. हुरड्याच्या शेतवाल्यांनी डिसेंबर लागायच्या आधी प्रोफाइल, दर आणि शेताची खूण ठीक करून ठेवावी, ज्वारी निसवल्यावर वेळ मिळत नाही. चैत्रात स्वामींचा प्रकट दिन. एप्रिल ते जून गणवेश. आषाढीला पंढरीची वाट. नवरात्रात आणि कोजागिरीला तुळजापूर, सोलापुरातून कितीतरी लोक चालत जातात. मग दिवाळी: पुण्याहून घरी येणारा परत जाताना पिशवी भरून नेतो, त्याला निघायच्या चार दिवस आधी संदेश गेला पाहिजे. मार्गशीर्षात दत्तजयंती, अक्कलकोट-गाणगापूरची गर्दी. हे सगळं भिंतीवरच्या कॅलेंडरात पेनाने लिहा आणि प्रत्येक खुणेच्या पंधरा दिवस आधी एक काम ठेवा.

कागदपत्रं, थोडक्यात

खाण्याचा पदार्थ घरून विकला तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. तिचा 14 अंकी नंबर पाकिटावर छापा. त्यासोबत वजन, किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, घटक, नाव-पत्ता आणि हिरवी खूण. शेंगदाण्याची ॲलर्जी असणारे लोक असतात, त्यामुळे घटक ठळक लिहा. उद्यम, म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, पैसे मागणारी सारखी दिसणारी पानं टाळा.

जीएसटीचं एक सोलापुरात विशेष लक्षात ठेवावं लागतं. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला उलाढालीची मर्यादा आहे, पण करपात्र माल राज्याबाहेर विकला की सहसा पहिल्या पार्सलपासून नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना त्यात सूट आहे. आणि आपल्याला विजापूर पुण्यापेक्षा जवळ. व्हॉट्सॲपवर ऑर्डर आली म्हणून कर्नाटकात पार्सल टाकण्याआधी सीएला विचारा.

फसवणूक

ऑनलाइन नंबर टाकला की हे फोन येणारच. ‘सैन्यातून बोलतोय, कॅम्पसाठी दोनशे चादरी हव्यात, पैसे पाठवायला हा क्यूआर स्कॅन करा.’ पैसे घ्यायला कधीच यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की फोन ठेवा. ‘गूगलमधून बोलतोय, प्रोफाइल बंद होईल, वर्षाचे पैसे भरा’ हाही खोटा. व्हॉट्सॲपचा सहा अंकी कोड कोणालाही सांगायचा नाही, भाचा असला तरी. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

वही, आणि मग जाहिरात

प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारा, ‘आमचं कुठून कळलं?’ आणि बिलाच्या कोपऱ्यात ग, व्ह, इ किंवा ओ लिहा: गूगल, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, ओळखीतून. तीन महिन्यांनी मोजा. जिथून कोणीच आलं नाही तिथला वेळ काढून घ्या. एखाद्या ठिकाणचे लोक येत असतील तर तिथे थोडे पैसे लावून बघायला हरकत नाही, पण रीलखालचं ‘बूस्ट’ बटण दाबण्याआधी गाव आणि वय निवडा आणि गिऱ्हाईक थेट व्हॉट्सॲपवर येईल असं ठेवा. एका आठवड्याची मर्यादा घाला.

पुढे हात अपुरे पडले आणि कॉलेजातल्या पोराला किंवा एजन्सीला काम दिलं, तर खाती तुमच्याच ईमेल आणि नंबरवर राहू द्या. गूगलवर त्यांना ‘मॅनेजर’ करा, मालक तुम्हीच राहा. तुमचा पासवर्ड देऊ नका. पाहुण्यांच्या मुलाने स्वतःच्या ईमेलवर काढून दिलेलं प्रोफाइल असेल तर तो बेंगळुरूला नोकरीला जायच्या आत मालकी तुमच्या नावावर करून घ्या. गूगल नव्या मालकाला सगळे अधिकार देण्यापूर्वी सात दिवस थांबवतं, तेव्हा हे काम गड्ड्याच्या आठवड्यात काढू नका.